हाडातील पोकळी आणि कोशाचा धागा

‘आता हाडे पुन्हा उगवणार’, ‘रेशमापासून हाड तयार’ अशा मथळ्यांच्या बातम्या वर्षातून तीन-चार वेळा तरी मोबाइलवर फिरतात. फिरत फिरत त्या दिघोरीलाही पोचतात. लाखांदूर तालुक्यातले हे धानपट्ट्यातले गाव. नागपूरचे मोठे दवाखाने येथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर, पण बातमीला एसटी लागत नाही. पायाचे हाड मोडून वर्ष उलटले तरी कुबडी सुटलेली नाही, अशा रुग्णाचा मुलगा मग मोबाइल पुढे करून विचारतो, ‘‘हाडात भरतेत तो मसाला तुमच्याजवळ नाही का जी?’’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. असा मसाला खरोखरच आहे. त्याला जैवसाहित्य किंवा बायोमटेरियल म्हणतात आणि त्यावरचे चांगले संशोधन आपल्या पुण्यातही झाले आहे. त्यातल्या एका साहित्याचा कच्चा माल तर भंडारा जिल्ह्याच्या ओळखीचा आहे. मात्र मथळा बोलतो तो साहित्याबद्दल. ज्या शरीरात ते भरायचे, त्या शरीराबद्दल तो काही सांगत नाही. मी अस्थिशल्यविशारद नाही, सरकारी रुग्णालयातला फिजिशियन आहे. ऑपरेशनच्या आधी हेच रुग्ण साखर, हिमोग्लोबिन, छाती तपासून घ्यायला माझ्याकडे येतात आणि ऑपरेशननंतर जखम भरत नाही म्हणून पुन्हा येतात. त्यामुळे या विषयाकडे पाहताना माझे लक्ष आधी शरीराकडे जाते, मग मसाल्याकडे.

हाड मोडले की बहुतेक वेळा ते स्वतःच जुळते. डॉक्टर ते सरळ आणि स्थिर ठेवतो, एवढेच. मोडलेल्या जागी रक्ताची गुठळी होते, तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड धरतो आणि हळूहळू त्यात कॅल्शियम बसते. पुढे कित्येक महिने हाड खाणाऱ्या पेशी आणि हाड घडवणाऱ्या पेशी पाळीपाळीने काम करतात आणि तो ओबडधोबड जोड मूळ आकारावर आणतात. कातडीवर व्रण राहतो, हाडात राहत नाही. तिथे पुन्हा हाडच तयार होते. शरीरातल्या फार थोड्या भागांना हे जमते.

पण दोन टोकांमध्ये अंतर फार पडले की ही कारागिरी थांबते. अपघातात हाडाचा तुकडा रस्त्यावरच पडून राहिला, जंतुसंसर्गाने मेलेले हाड काढून टाकावे लागले, गाठ खरवडून काढल्यावर आत मोठी पोकळी उरली, तर पेशींना पलीकडे जायला आधारच सापडत नाही. पोकळी मग हाडाऐवजी चिवट तंतूंनी भरते आणि पाय जुळला असे दिसूनही वजन पेलत नाही. कारल्याची वेल मांडवाशिवाय जमिनीवरच पसरते, तसा हा प्रकार. हाडात भरायचा पदार्थ म्हणजे हा मांडव. पेशी त्याच्यावर चढतात, हाड घडवतात आणि मांडव यथावकाश विरघळून जातो. विरघळण्याचा वेग नेमका हवा. हाड तयार होण्याआधीच मांडव कोसळला तर पोकळी तशीच राहते आणि वर्षानुवर्षे विरघळलाच नाही तर हाडाला वाटेत अडथळा होतो.

सर्वांत उत्तम मांडव आजही रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचा असतो. कमरेच्या हाडाच्या कडेचा भाग काढून पोकळीत भरतात. त्यात आधार असतो, जिवंत पेशी असतात आणि ‘इथे हाड तयार करा’ असा निरोप देणारी प्रथिनेही असतात. अडचण अशी की कमरेत हाड मोजकेच असते. लहान मुलात आणि अशक्त म्हातारीत तर फारच थोडे. शिवाय दुसरी जखम होते, आणि पायापेक्षा कंबरच जास्त दुखते अशी तक्रार रुग्ण कित्येक महिने करतात. कृत्रिम भरावाचा सारा शोध या अडचणीतून सुरू झाला.

हा शोध लोकांना वाटतो तितका नवा नाही. १८९२ मध्ये ड्रीसमन या जर्मन शल्यविशारदाने क्षयाने पोखरलेल्या हाडांच्या पोकळ्यांत चक्क प्लास्टर ऑफ पॅरिस भरले होते. आपल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात गोण्यांनी असते तेच. शुद्ध आणि निर्जंतुक केलेले कॅल्शियम सल्फेट आजही त्या कामासाठी वापरतात. पुढची मोठी उडी अमेरिकेतल्या लॅरी हेंच यांची. १९६७ मध्ये एका परिषदेला जाताना बसमध्ये शेजारी बसलेल्या लष्करी अधिकाऱ्याने त्यांना विचारले, की व्हिएतनाममध्ये जखमी झालेल्या जवानांच्या शरीरात बसवलेले धातू आणि प्लास्टिक शरीर स्वीकारत नाही, तर शरीराला आपलीशी वाटेल अशी वस्तू तुम्हाला करता येईल का? हेंच काचेवर काम करणारे. १९६९ मध्ये त्यांनी कॅल्शियम आणि फॉस्फरस घातलेली अशी काच तयार केली, की ती हाडाला चिकटून बसली, ओढूनही सुटेना. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या क्षारांचाच असतो, तेव्हा ती नाळ जुळणे समजण्यासारखे आहे. आज बाजारात मिळणारे बहुतेक भराव याच घराण्यातले, म्हणजे कॅल्शियमच्या क्षारांचे किंवा अशा काचेचे आहेत.

या पदार्थांची उणीव त्यांच्या ठिसूळपणात आहे. हाड मात्र ठिसूळ नसते, कारण क्षारांच्या आत कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू असतात. सिमेंटमध्ये सळ्या असाव्यात तसे. म्हणून संशोधकांचे लक्ष चिवट प्रथिनांकडे वळले आणि तिथून रेशमाकडे.

रेशमाच्या धाग्यात दोन प्रथिने असतात. आतला बळकट गाभा फायब्रॉइनचा आणि वरचा डिंक सेरिसिनचा. कोसा उकळताना पाण्यात सोडा घालतात तो हा डिंक सुटावा म्हणूनच आणि प्रयोगशाळेतही पहिली पायरी हीच असते. डिंक राहिला तर शरीर चिडते, सूज येते. डिंक काढलेले फायब्रॉइन शरीर बऱ्यापैकी सहन करते. रेशमाचा टाका घालायची पद्धत शस्त्रक्रियेत फार जुनी आहे, त्यामुळे या प्रथिनाशी डॉक्टरांची ओळखही जुनी.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायब्रॉइनचे बारीक, एकसारखे, भरीव गोळे तयार केले आणि पातळ फायब्रॉइननेच ते एकमेकांना चिकटवून सच्छिद्र ठोकळा बनवला. राजगिऱ्याचा लाडू डोळ्यांसमोर आणावा. दाणे एकमेकांना चिकटलेले, पण मध्ये फटी राहिलेल्या. या फटींतूनच पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरायच्या. २०१८ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. दाब सोसण्याच्या बाबतीत हा ठोकळा हाडाच्या आतल्या जाळीदार भागाच्या तोडीचा निघाला आणि शरीरातील विकरांसारख्या द्रवात तो सावकाश विरघळला. फार लवकर विरघळणे हे रेशमाच्या आधीच्या अनेक भरावांचे दुखणे होते, ते इथे कमी झाले. याच कामातून सेरिजेन ही पुण्याची कंपनी उभी राहिली.

त्या निबंधातले शेवटचे शब्द मला फार प्रामाणिक वाटले. पेशींवरचे आणि प्रत्यक्ष रोपणाचे प्रयोग त्यांनी ‘प्राथमिक’ म्हटले आणि हाड तयार होण्याच्या ‘सुरुवातीच्या खुणा’ दिसल्या, असेच लिहिले. ‘हाड उगवले’ असे त्यांनी म्हटलेले नाही. ते मथळे म्हणतात.

भंडाऱ्याच्या वाचकाला येथे साहजिकच आपला कोसा आठवेल. तर एक गोष्ट स्पष्ट करतो. पुण्याच्या प्रयोगात वापरलेले रेशीम तुतीच्या पानावर वाढणाऱ्या अळीचे आहे. आपला कोसा म्हणजे टसर, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या रानअळीचा. ढिवर समाजातली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राखण करून तो घेत आली आणि मोहाडी, आंधळगावच्या मागांवर त्याची करवतकाठी विणली गेली. गंमत अशी की शास्त्राच्या दृष्टीने हा रानकोसा तुतीच्या रेशमाहून एका बाबतीत सरस आहे. आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांची एक ठरावीक जोडणी त्याच्या फायब्रॉइनमध्ये असते. पेशी कोणत्याही पृष्ठभागाला धरताना हीच खूण चाचपतात, म्हणजे मांडवाला आधीच आकडे लावलेले. तुतीच्या फायब्रॉइनमध्ये ही खूण नाही. खरगपूरच्या आयआयटीत प्रा. सुभाष कुंडू यांच्या गटाने टसरच्या या गुणांवर बरेच काम केले आहे.

मग टसर मागे का? तो विरघळत नाही. तुतीचे फायब्रॉइन ज्या क्षाराच्या द्रावणात सहज विरघळते, त्यात टसर दाद देत नाही. त्याला वेगळी, अवघड रसायने लागतात किंवा थेट अळीच्या ग्रंथीतून प्रथिन काढावे लागते. शिवाय रानात वाढलेला प्रत्येक कोसा वेगळा असतो, कुठला जाड, कुठला पातळ. साडीला ते शोभून दिसते. शरीरात घालायच्या वस्तूला मात्र प्रत्येक खेप आधीच्या खेपेसारखीच लागते. म्हणून ‘भंडाऱ्याचा कोसा हाडे जोडणार’ अशी घोषणा उद्या कोणी केलीच तर ढिवर बांधवांनी तिच्यावर हिशेब मांडू नये. एका हाडाच्या पोकळीला फायब्रॉइन लागते काही ग्रॅम. तेवढ्या मागणीने कोशाचा भाव वधारणार नाही. त्यांचे भले व्हायचे तर ते ऐन-अर्जुनाची झाडे राखण्यात, निरोगी अंडीपुंज वेळेवर मिळण्यात आहे.

आता शरीराकडे येऊ. मांडव कितीही चांगला असो, वेलीच्या मुळाशी पाणी नसेल तर ती चढत नाही. हाडाच्या बाबतीत हे पाणी म्हणजे रक्त. जोडीला आणखी दोन गोष्टी लागतात. हाडाची टोके हलता कामा नयेत आणि जागा जंतुमुक्त हवी. आमच्याकडे येणाऱ्या न जुळलेल्या हाडांचा इतिहास काढला तर बहुतेक वेळा भराव मिळाला नाही हे कारण निघत नाही. या तीनपैकी एक तरी गोष्ट पहिल्याच आठवड्यात बिघडलेली असते.

पावसाळ्यात चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकात पाय गेला तर हाड कातडी फाडून बाहेर येते आणि जखमेत बांधीतला चिखल जातो. अशा जखमेला पहिले अँटिबायोटिक शक्यतो तासाभरात मिळाले पाहिजे. तासाभरात नागपूर येत नाही. तासाभरात प्राथमिक आरोग्य केंद्र येते. जखम भरपूर स्वच्छ सलाइनने धुणे, निर्जंतुक ओल्या पट्टीने झाकणे, पाय फळीला बांधणे, धनुर्वाताचे आणि अँटिबायोटिकचे इंजेक्शन देणे आणि मग १०८ बोलावणे. एवढे काम त्या पायाचे पुढचे वर्ष ठरवते. पण प्रत्यक्षात अनेकदा जखमेवर हळद नाहीतर कसलातरी पाला बांधून रुग्ण आधी हाड बसवणाऱ्याकडे जातो किंवा लाखांदूर, साकोली, भंडारा, नागपूर अशा चिठ्ठ्या गोळा करीत दुसऱ्या दिवशी टेबलावर पोचतो. तोवर जंतूंनी हाडात घर केलेले असते. अशा जागी कोणताही भराव घातला की जंतूंना आयताच आसरा मिळतो. ते त्याच्या पृष्ठभागावर चिकट थर करून बसतात आणि मग सलाइनमधून दिलेले औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. महागडा भराव पुवातून बाहेर येताना पाहणे फार वाईट.

दुसरा शत्रू खिशात असतो. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि धूम्रपान करणाऱ्यांची हाडे उशिरा जुळतात हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ‘‘मी बिडी नाही पेत, फक्त खर्रा खातो,’’ असे रुग्ण अभिमानाने सांगतात. खर्ऱ्यातही तंबाखूच असतो. वॉर्डात पायाला प्लेट बसवलेला तरुण पलंगावर बसून खर्रा घोटताना दिसतो तेव्हा मला त्याच्या एक्स-रेची काळजी वाटते. हाच खर्रा पुढे जबड्याच्या कॅन्सरलाही कारण होतो आणि तेव्हा हाड भरून काढण्याचा प्रश्न फारच बिकट होतो. कापून काढलेल्या जबड्याच्या जागी आजही पायातले बारीक हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट आणून जोडतात, कारण किरणोपचाराने भाजलेल्या जागी कृत्रिम भराव टिकत नाही. तिथे स्वतःचे रक्त घेऊन येणारे हाडच लागते.

पूर्व विदर्भाला या बाबतीत आणखी एक दुखणे आहे, सिकलसेलचे. कोयत्याच्या आकाराच्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मांडीच्या हाडाच्या गोलाकार डोक्याला मिळणारे रक्त तुटते. डोके आतून मरते, पुढे चपटे होते. विशी-पंचविशीतली मुले लंगडत येतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, की मेलेले हाड काढून नवीन मसाला भरता येणार नाही का? सुरुवातीच्या अवस्थेत डोक्याला भोक पाडून आतला दाब कमी करतात आणि त्यात रुग्णाचाच अस्थिमज्जेचा अर्क घालतात, त्याचा काहींना उपयोग होतो. रुग्णाच्या हाड घडवणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत भरण्याच्या उपचारालाही देशाच्या औषध महानियंत्रकांनी २०१७ मध्ये परवानगी दिली आहे. पण ज्या आजाराने रक्तवाहिनी तुंबली तो आजार तसाच चालू असेल तर भरलेले हाड तरी कशावर जगणार? १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे मोठे उद्दिष्ट. तपासणीनंतर हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या दरमहा न चुकता गावात मिळणे आणि खुबा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा एमआरआय लंगडण्याच्या आधी होणे, हे या मुलांच्या हाडांसाठी कोणत्याही भरावापेक्षा जास्त मोलाचे आहे.

भराव कुठे खरोखर उपयोगी पडतो तेही सांगायला हवे. मुलांच्या हाडातली साधी पोकळ गाठ खरवडल्यानंतर, गुडघ्याखालच्या हाडाची खचलेली पाटी वर उचलल्यावर तिच्याखाली राहिलेल्या जागेत, दात काढल्यावर जबड्यात. भोवताली निरोगी, रक्ताने भरलेले हाड, जंतू नाहीत आणि पोकळी चहूबाजूंनी बंद. अशा ठिकाणी तो कमरेची जखम वाचवतो आणि चांगले काम करतो. नळीच्या हाडाचा सहा सेंटीमीटरचा तुकडाच गेला असेल तर मात्र आजही सायबेरियातल्या कुर्गान गावच्या इलिझारोव यांची कडीच कामी येते. हाड दुसऱ्या जागी कापायचे, पायाभोवतीच्या कड्यांचे नट फिरवत दिवसाला एक मिलिमीटर सरकवायचे आणि मागे उरणाऱ्या फटीत शरीराला स्वतःचे हाड विणू द्यायचे. सहा सेंटीमीटरला साठ दिवस लागतात आणि ते पक्के व्हायला त्याहून अधिक. रुग्ण कंटाळतो, तारांच्या भोकांतून पू येतो, पण यातले हाड खरे असते आणि साहित्य पुन्हा वापरता येते. मोबाइलवर याची बातमी येत नाही, कारण यात नवे काही नाही.

नव्याची घाई काय करते याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. हाड घडवायचा निरोप देणारे प्रथिन १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी दाखवून दिले. ते कोलॅजेनच्या बोळ्यात भरून मणके जोडायला वापरण्याची परवानगी अमेरिकेत २००२ मध्ये मिळाली. ती कमरेच्या मणक्यांसाठी होती. डॉक्टरांनी ते मानेतही वापरले आणि गळा सुजून श्वास कोंडल्याच्या घटना घडल्या. २००८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. सुरुवातीच्या अभ्यासांत दुष्परिणाम कमी दाखवले गेले, अशी कठोर टीका २०११ मध्ये ‘द स्पाइन जर्नल’ने केली. दुसरे उदाहरण पाओलो माकियारिनी यांचे. प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर रुग्णाच्या मूळपेशी शिंपडल्या की ती जिवंत होते, असा दावा करून त्यांनी २०११ पासून स्टॉकहोममध्ये शस्त्रक्रिया केल्या. जगभर वाहवा झाली. रुग्ण दगावले. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. नळी होती, पेशी होत्या, पण नळीला रक्त देणारी वाहिनी नव्हती.

आपल्याकडे हे इतक्या मोठ्या प्रमाणावर होत नाही, छोट्या छोट्या दुकानांत होते. ‘मूळपेशींनी गुडघा नवा’ अशा पाट्या शहरांत दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे अगदी स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांतील अस्थिमज्जारोपण वगळता मूळपेशींचा वापर परवानगी घेतलेल्या चाचणीतच व्हायला हवा, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पाच एकर धानाची शेती गहाण टाकून असा उपचार घेऊन आलेल्यांना ही एवढी एक गोष्ट आधी ठाऊक असती तर बरे झाले असते. भराव सुचवला गेला तर डॉक्टरांना सरळ विचारावे, हा पदार्थ कशाचा, माझ्याच हाडाने काम भागेल का, आणि डब्यावरचे स्टिकर माझ्या केसपेपरवर लावाल का. स्टिकर मागण्यात कोणाचा अपमान नाही. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम जानेवारी २०१८ पासून लागू आहेत, त्यांत शरीरात विरघळणारी रोपणे वरच्या जोखमीच्या वर्गात येतात, आणि पुढे काही बिघडले तर त्या खेपेचा माग काढायला तोच एक कागद असतो.

पैशांचे गणित वेगळेच आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय राज्याने जुलै २०२३ मध्ये घेतला, ही चांगली गोष्ट. पण योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर ठरलेला आणि प्लेट, स्क्रू त्यातच धरलेले. भराव घातला तर त्याचा खर्च त्याच ठरावीक रकमेतून निघणार. मग रुग्णालय तो टाळते किंवा नातेवाइकांना बाहेरून आणायला सांगते. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांचे कमाल दर केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये बांधून दिले तेव्हा सामान्य माणसाला फरक जाणवला. हाडाच्या भरावालाही तसा दर बांधून, कोणत्या रुग्णाला तो द्यायचा याचे निकष ठरवून, योजनेत वेगळी ओळ मिळायला हवी. पुण्याच्या प्रयोगशाळेतून निघालेला देशी पदार्थ जिल्हा रुग्णालयात पोचायचा तर याच वाटेने पोचेल. आणि त्याच्या चाचण्या केवळ पुण्या-मुंबईच्या सुदृढ रुग्णांवर झाल्या, तर आमच्या दहा हिमोग्लोबिनच्या, खर्रा खाणाऱ्या, सिकलसेलच्या रुग्णात तो कसा वागतो हे कोणालाच कळणार नाही. चाचण्यांत नागपूर विभागातली सरकारी रुग्णालये असली पाहिजेत.

तोवर करण्यासारखे एक काम आहे, त्याला नवा शोध लागत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी चालते. दान मिळालेले हाड आणि बाळंतपणानंतर मिळणारी गर्भवेष्टनाची पातळ त्वचा तिथे सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून जपली जाते. हे हाड भराव म्हणून वापरतात आणि ती त्वचा भाजलेल्या जखमांवर, न भरणाऱ्या व्रणांवर लावतात. मुंबईच्याच शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांसाठी निर्जंतुक केळीच्या पानाची पट्टी वापरून तिचे निष्कर्ष २००३ मध्ये ‘बर्न्स’ या नियतकालिकात मांडले होते. ही कामे सरकारी आणि सार्वजनिक रुग्णालयांत झाली, गरीब रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून झाली. मानवी ऊतींसाठी कायदाही तयार आहे. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने हाड आणि त्वचाही आली.

घरात घसरून पडलेल्या म्हाताऱ्या माणसांचा खुबा मोडतो तेव्हा मांडीच्या हाडाचे मोडलेले डोके काढून कृत्रिम गोळा बसवतात. ही शस्त्रक्रिया आता जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. काढलेले ते डोके म्हणजे मूठभर जाळीदार हाड, एखाद्या मुलाच्या हाडातली पोकळी भरायला पुरेसे. रुग्णाची लेखी संमती, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग यांच्या तपासण्या आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासणी, उणे सत्तर अंशांच्या खालचा एक फ्रीजर, नोंदवही सांभाळणारा एक तंत्रज्ञ आणि कायद्याखालची नोंदणी, एवढी तयारी विभागात एका ठिकाणी झाली तर भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरची डोकी तिथे जमा होऊ शकतात आणि तिथूनच परत मिळू शकतात. आज माझ्या रुग्णालयात ती जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातात आणि संध्याकाळच्या गाडीने जाळायला रवाना होतात.